माफीनामा लिहून देण्याआधी

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. धाकटा भाऊ फौजेत नाईक, सध्या पुण्याच्या एका युनिटमध्ये. तिथल्या ऑफिसात कंत्राटावर काम करणाऱ्या एका महिलेने सीओ साहेबांकडे, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे, लेखी तक्रार दिली आहे की, स्टोअरमध्ये ती एकटी असताना याने हात धरला आणि अंगाशी झोंबला. पोलिसांत अजून काही गेलेले नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, बसली आहे आणि भावाला दुसऱ्या युनिटला अटॅच केले आहे, म्हणजे तात्पुरते जोडले आहे. युनिटमधले एक सुभेदार म्हणतात, "माफीनामा लिहून दे, साहेब मिटवून टाकतील." गावातले माजी सैनिक म्हणतात, कोर्ट मार्शल म्हणजे सुटका नाही. घरच्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: माफीनामा द्यावा का, वकील साताऱ्याचा करावा की लष्करातला, आणि नोकरी-पेन्शनचे काय होणार.

माफीनामा देऊ नका. बाकी सगळे सावकाश वाचले तरी चालेल, पण हे आज रात्रीच्या फोनवरच भावाला सांगा.

पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हे टीव्ही पाहून सगळ्यांना माहीत असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ तसे सांगते. पण कंपनी कमांडर, ॲडज्युटंट किंवा सुभेदार हे पोलीस अधिकारी नव्हेत. त्यांना लिहून दिलेला कागद त्या कलमाच्या आडोशाला येत नाही. तो धमकीने, आमिषाने किंवा आश्वासनाने घेतला असे दाखवता आले तर कलम २२ खाली तो बाद होऊ शकतो. मात्र "साहेब मिटवून टाकतील" असे कोणी, कधी, कोणासमोर म्हटले, हे सांगायला साक्षीदार लागतो, आणि जो हे म्हणाला तो सुभेदार कोर्टात तसे कबूल करेल अशी आशा धरू नये. "माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही" एवढी एक ओळ, आरोप काय आहे हे न लिहिता दिलेली असली तरी, सरकारी पक्ष ती कबुली म्हणूनच वाचून दाखवतो. आपल्याकडे मोठ्यांसमोर वाद मिटवायला माफी मागतात, ती खरोखर केले म्हणून नसते, हे न्यायपीठावर बसलेल्या अधिकाऱ्यांना पटवणे फार जड जाते.

तसेच गावाकडून कोणी त्या महिलेच्या घरी "समजूत काढायला" जायचे नाही. पाहुण्यांमार्फतही नाही, फोन किंवा व्हॉट्सॲपवरही नाही. साक्षीदारावर दबाव आणला असा त्याचा अर्थ होतो, आणि मिळालेला जामीन त्यावरच रद्द होऊ शकतो. गावच्या ग्रुपवर तिचे नाव किंवा फोटो टाकणाऱ्या पुतण्यालाही आवरा. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या भावावरची तक्रार आज बलात्काराची नसली तरी उद्या जबाब कुठल्या दिशेने वाढेल याची खात्री नसते.

आता खटला कुठे चालेल ते पाहू. फौजी माणसाने काहीही केले तरी कोर्ट मार्शलच होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ६९ ने देशाच्या साध्या कायद्यातला कुठलाही गुन्हा कोर्ट मार्शलपुढे आणता येतो. पण लगेच पुढचे कलम ७० तीन गुन्हे बाहेर काढते: लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीचा खून, तिचा सदोष मनुष्यवध आणि तिच्यावरचा बलात्कार. हे तीन गुन्हे आरोपी सक्रिय सेवेत (म्हणजे नुसता नोकरीत नव्हे, शत्रूविरुद्धच्या मोहिमेवर) असताना, भारताबाहेर, किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या सीमा चौकीवर घडले असतील तरच कोर्ट मार्शलकडे जातात. एरवी ते साध्या फौजदारी कोर्टाचे, म्हणजे सत्र न्यायालयाचे. रजेवर गावी आलेल्या जवानावर गावातल्या महिलेने बलात्काराची फिर्याद दिली तर तो खटला साताऱ्याच्या सत्र न्यायालयातच चालेल, लष्कराला तो मागून घेता येणार नाही. तक्रारदार स्वतः लष्करी कायद्याखाली असेल, म्हणजे महिला अधिकारी किंवा मिलिटरी पोलीसमधली महिला जवान असेल, तर मात्र कलम ७० ची आडकाठी नाही. जवानाची पत्नी क्वार्टरमध्ये राहत असली तरी लष्करी कायद्याखाली येत नाही. इथे घरच्यांचा नेहमी गोंधळ होतो.

तुमच्या भावावरचा आरोप, आज जसा लिहिला आहे तसा, बलात्काराचा नाही. तो न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये बसतो: विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर, शिक्षा किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षे, गुन्हा अजामीनपात्र. हलका धरला तर कलम ७५, लैंगिक छळ, तीन वर्षांपर्यंत आणि जामीनपात्र. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी दंड संहिता लागते, म्हणजे ३५४ आणि ३५४-अ. कलम ७० मध्ये विनयभंगाचा उल्लेख नाही. म्हणून हा खटला दोन्हीकडे चालू शकतो, आणि कुठे चालवायचा हे आर्मी ॲक्टच्या कलम १२५ प्रमाणे डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडच्या कमांडरसारखा अधिकारी ठरवतो. आरोपीला त्यात निवड नाही, सीओलाही नाही. उद्या पोलिसांत एफआयआर झाला आणि दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्यांकडे गेले, तर १९७८ च्या नियमांप्रमाणे त्यांनी कमांडिंग ऑफिसरला नोटीस देऊन १५ दिवस थांबायचे असते. त्या मुदतीत लष्कराने खटला मागितला तर तो तिकडे जातो. एफआयआरची बातमी कळताच वकिलाने हा १५ दिवसांचा हिशेब मांडायला हवा. अनेकांचे तिथेच चुकते.

एक बाजूची गोष्ट. "कलम ६९ लागलंय" असे कोणी सांगितले की आधी विचारा, कुठले ६९? आर्मी ॲक्टचे ६९ म्हणजे साध्या कायद्यातला गुन्हा कोर्ट मार्शलपुढे नेणारा, वर सांगितलेला पूल. न्याय संहितेचे ६९ म्हणजे लग्नाचे खोटे वचन देऊन किंवा फसवून ठेवलेले शरीरसंबंध, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तरुण जवानांवर सध्या दिसणाऱ्या फिर्यादींत हे दुसरे बरेचदा असते. तिथला सगळा वाद एकाच मुद्द्यावर असतो: वचन देतानाच ते पाळायचे नव्हते, की नंतर घरच्यांनी मोडले? पहिले असेल तर गुन्हा, दुसरे असेल तर नाही. आरोपपत्रावर दोन्ही ६९ एका ओळीत आल्यावर घरचेच काय, नवे वकीलही घोळतात.

लष्करातच चालले तर आरोप एकच राहील असे समजू नका. पहिला आरोप आर्मी ॲक्टच्या कलम ६९ ला जोडून विनयभंगाचा, पर्यायी आरोप कलम ४६ खाली असभ्य व लज्जास्पद वर्तनाचा, आणि त्याखाली कलम ६३, शिस्तीला बाधक कृत्य, अशी उतरंड लावलेली असते. ४६ आणि ६३ दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे नागरी कोर्टात विनयभंग सिद्ध झाला नाही की माणूस सुटतो, इथे खालची पायरी शिल्लक असते. बचाव ठरवताना हे डोक्यात हवे. विशेषतः "जे झाले ते तिच्या संमतीने झाले" हा बचाव. साध्या कोर्टात तो पूर्ण बचाव आहे. लष्करात तो पहिला आरोप पाडतो आणि ६३ चा मार्ग मोकळा करतो, कारण ड्युटीच्या वेळेत सरकारी स्टोअरमध्ये संमतीनेसुद्धा हे का, असा पुढचा प्रश्न तयार असतो. अधिकारी आणि जेसीओंना (सुभेदारासारख्या हुद्द्यांना) याखेरीज कलम ४५ आहे, अशोभनीय वर्तनाचे. व्यभिचार हा २०१८ पासून साध्या कायद्यात गुन्हा राहिला नाही, पण तो निकाल सशस्त्र दलांच्या कायद्यांना लागू नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

म्हणून पहिला जबाब देण्याआधी बचावाची एकच रेषा ठरवा. "मी तिथे नव्हतोच", "होतो, पण स्पर्श केला नाही", "स्पर्श झाला, पण जागा अरुंद होती, सामान उतरवताना लागला" आणि "संमती होती" या चार वेगळ्या वाटा आहेत. घाबरून पहिली धरायची, मोबाइलच्या लोकेशनने ती बुडाली की दुसरीवर उडी मारायची, असे झाले की न्यायपीठ चौथ्या वाटेवरचे खरेही ऐकत नाही. खरे काय ते भावाने वकिलाला एकदा, पूर्ण, लाज सोडून सांगायला हवे. वडिलांसमोर ते होणार नाही. त्याला एकट्याला बोलू द्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी आत्ता चालू आहे, तेव्हा तिच्याबद्दल जरा सविस्तर. ही चौकशी आहे, खटला नव्हे. आर्मी रूल्स १९५४ चा नियम १८० सांगतो की ज्याच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर शिंतोडा उडू शकतो, त्याला चौकशीभर हजर राहण्याची, स्वतःचे म्हणणे मांडण्याची, कुठल्याही साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार बोलावण्याची पूर्ण संधी द्यायची. वकील आत बसवण्याचा हक्क मात्र नाही. प्रत्यक्षात कसे होते? खोलीत तीन अधिकारी, एक क्लार्क, लॅपटॉप. साक्षीदाराचा जबाब संपतो. पीठासीन अधिकारी विचारतात, "क्रॉस करना है?" जवान सावधानमध्ये उभा राहून म्हणतो, "नो साहब." क्लार्क टाइप करतो की आरोपीने उलटतपासणी घेण्यास नकार दिला. खाली सही. अशा आठ साक्षीदारांखाली आठ सह्या झाल्या की नियम १८० पाळला गेल्याचा भक्कम पुरावा तयार होतो, आणि तो आरोपीनेच पुरवलेला असतो.

"नो साहब" ऐवजी काय म्हणायचे? "मला तयारीला वेळ हवा, उद्या सकाळी प्रश्न विचारतो." हे तोंडी म्हणायचे आणि कागदावर लिहूनही द्यायचे. संध्याकाळी वकिलाशी फोनवर बोलून प्रश्न वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी वहीतून वाचायचे. वकील बाहेर बसून जी मदत करू शकतो ती हीच, आणि ती पुरेशी असते. वेळ नाकारला तर नाकारल्याची नोंद कार्यवाहीत घ्या म्हणायचे. ती घेतली नाही तर त्याच दिवशी सीओंना अर्ज द्यायचा, त्याची प्रत स्वतःकडे ठेवायची.

चौकशीतले जबाब, अगदी कबुलीसुद्धा, नियम १८२ प्रमाणे पुढे खटल्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. पण त्याच नियमाच्या शेवटी एक परंतुक आहे आणि ते दुधारी आहे: साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यासाठी दोन्ही बाजू ही कार्यवाही वापरू शकतात. म्हणजे तक्रारदाराने इन्क्वायरीत जे सांगितले ते बचावाच्या वकिलाला पुढे तिच्यासमोर ठेवता येते, आणि भावाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे ठरवले तर त्याचेही त्याच्यासमोर ठेवले जाते. प्रती मागण्याचा हक्क नियम १८४ मध्ये आहे. लेखी मागा.

इथे एक भ्रम काढून टाकतो. नियम १८० मोडला म्हणून सगळा खटलाच रद्द होतो, असे सांगणारे बरेच भेटतील. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की कोर्ट मार्शलआधी इन्क्वायरी व्हायलाच हवी असे नाही. पुढचे टप्पे नीट झाले असतील तर इन्क्वायरीतला दोष तारत नाही. हरकत नोंदवायची ती साक्षीदाराचे म्हणणे लवकर बांधून घेण्यासाठी आणि अपिलात दाखवायला कागद असावा म्हणून. त्यावर सगळा डाव लावू नये.

खरे महत्त्वाचे आहेत ते नियम २२ आणि २३. इन्क्वायरीनंतर आरोप तयार झाला की सीओ तो आरोपीसमोर ऐकतात. हे नियम २२. इथे उलटतपासणीची पूर्ण मोकळीक असते, आणि पुराव्यातून गुन्हा दिसत नसेल तर सीओंनी आरोप काढून टाकायचा असतो. पुष्कळ युनिटमध्ये हा प्रकार पाच मिनिटांत, उभ्या-उभ्या उरकतो. नंतर नियम २३, समरी ऑफ एव्हिडन्स: प्रत्येक साक्षीदाराचा जबाब सविस्तर लिहून घेतात. शेवटी आरोपीला सावध करतात की, तुला काही सांगायचे असल्यास सांग, बंधन नाही, पण सांगशील ते लिहून घेतले जाईल आणि पुराव्यात येऊ शकेल. या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर असावे, "आता काही सांगायचे नाही, खटल्यात सांगेन." गप्प राहिले म्हणून दोषी, असा अर्थ काढता येत नाही.

समरीत किती उलटतपासणी घ्यायची यावर वकिलांत दोन मते आहेत. माझे मत असे की वेळ, जागा, अंतर, उजेड आणि कोण कुठे होते एवढेच पक्के करून घ्यावे, खोटे पाडायला जाऊ नये. खटल्याला अजून महिने असतात. इथे पत्ते उघडले की साक्षीदार आणि सरकारी पक्ष दोघेही तेवढ्यात सावरतात.

भाषेकडे लक्ष द्या. भाऊ मराठीत विचार करतो, हिंदीत बोलतो आणि क्लार्क इंग्रजीत टाइप करतो. "धक्का लागला" हे हिंदीत "धक्का दिया" होते आणि इंग्रजीत ढकलल्याचे क्रियापद येते. अपघाताचा गुन्हा व्हायला एवढे पुरते. जबाब समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, हे त्याने ठाम धरावे. चुकीचा शब्द जागीच दुरुस्त करून घ्यावा, दुरुस्तीशेजारी आद्याक्षरे घालावीत.

पुराव्यांचे म्हणाल तर साक्षीदार थांबतात, रजिस्टरे आणि कॅमेरे थांबत नाहीत. सीसीटीव्हीचे जुने चित्रण काही आठवड्यांत नव्याखाली पुसले जाते. म्हणून याच आठवड्यात सीओंच्या नावे एक अर्ज: अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेतले चित्रण, क्वार्टर गार्डचे (युनिटच्या पहाऱ्याच्या चौकीचे) चावी रजिस्टर, गेट रजिस्टर, आउटपास, ड्युटी रोस्टर, स्टोअरच्या मालाची त्या दिवसाची नोंद, एमआय रूमचे (युनिटच्या दवाखान्याचे) रजिस्टर जपून ठेवावे. पोच घ्या. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्याची घाई नाही. घाई कॅमेऱ्याची आहे.

चावी रजिस्टरचा उपयोग कसा होतो ते पाहा. समजा तक्रारीत वेळ "साडेबाराच्या सुमारास" आहे, इन्क्वायरीत "जेवणाच्या सुट्टीत" आणि समरीत "दोन वाजता". रजिस्टर सांगते की स्टोअरची चावी १३.१० ला क्वार्टर गार्डला परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बाहेर गेली नाही. आता चांगला वकील उभा राहून "तुम्ही खोटे बोलताय" असे ओरडत नाही. तो आधी तिच्याकडून दोन वाजल्याचे कारण पक्के करून घेतो: घड्याळ पाहिले होते का, जेवून आल्यावर की आधी, परत कोणाशी बोललात, किती वाजता. सगळी दारे बंद झाल्यावर गार्ड कमांडरला बोलावून रजिस्टर सिद्ध करतो. मात्र नुसता अर्ध्या तासाचा फरक असेल तर त्यावर इमारत उभी करू नका. घाबरलेल्या माणसाला मिनिटे आठवत नाहीत, हे न्यायपीठाला कळते.

याच ओघात हेही: तिचे चारित्र्य, पूर्वीचे संबंध, कपडे, घटस्फोट यावर प्रश्न विचारता येत नाहीत. साक्ष्य अधिनियम ते अडवतो आणि न्यायपीठही चिडते. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल असे बजावले, तेव्हा त्या अहवालाच्या भरवशावर राहणारा बचाव संपला आहे. उशिरा तक्रार, अंगावर जखम नाही, आरडाओरड नाही यांपैकी एकही मुद्दा एकटा पुरत नाही. तिची एकटीची साक्षसुद्धा विश्वासार्ह वाटली तर शिक्षेला पुरेशी असते. उलटतपासणी तिच्या शब्दांतल्या विसंगतीची आणि कागदांशी असलेल्या विसंगतीची करायची, तिची नव्हे. वैद्यकीय पुरावा असलेल्या खटल्यात नमुने किती तासांत घेतले, कोणी सील केले, सीलचा ठसा प्रयोगशाळेत पोचताना तोच होता का, मधले दिवस मुद्देमाल कुठल्या कपाटात होता, या साखळीतली कडी शोधायची. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत नमुने घेतात. तुमच्या प्रकरणात हे बहुधा येणार नाही.

मोबाइल येईल. दोघांत पूर्वी मेसेज झाले असतील तर एकही पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका, नवा घेऊन जुना विकू नका. पुसलेले सापडते, आणि पुसले म्हणजे लपवले असे धरतात. स्क्रीनशॉटला फारशी किंमत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलची ओळख पटवणारा आकडा) लिहावी लागते आणि तज्ज्ञाचाही भाग असतो. चौकशीने फोन मागितला तर आयएमईआय क्रमांकासह पावती घेऊन, सील करून द्या.

तक्रार युनिटच्या अंतर्गत समितीकडे गेली आहे का, तेही विचारा. २०१३ चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा इथेही आहे: तक्रारीला तीन महिने, चौकशीला ९० दिवस. त्यातला समेट फक्त तक्रारदाराने मागितला तरच होतो आणि त्यात पैसे देता-घेता येत नाहीत. समिती, इन्क्वायरी आणि पोलीस अशा तीन ठिकाणी तीन जबाब झाले तर ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. आधीची प्रत हातात नसताना पुढचा जबाब देऊ नये.

अटकेचे दोन प्रकार लक्षात घ्या. लष्कराने ताब्यात घेतले तर ४८ तासांत सीओंनी आरोपाची चौकशी सुरू करायची, आणि आठ दिवसांत कोर्ट मार्शलचा हुकूम नाही निघाला तर दर आठ दिवसांनी उशिराचे कारण वर कळवायचे, असे आर्मी ॲक्टची कलमे १०२ आणि १०३ सांगतात. जामिनासाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांचे न्यायाधिकरण आहे, आपल्यासाठी मुंबई पीठ. एफआयआर झाला तर मात्र अटकपूर्व जामीन गुन्हा जिथला तिथल्या सत्र न्यायालयात, इथे पुण्यात. आणि रजेवर असताना एफआयआर झाला म्हणून घरच्यांनी मुलाला मामाच्या गावी लपवायचे, हा प्रकार आपल्या भागात फार. रजा संपली की तो कलम ३९ खाली गैरहजर, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तीस दिवसांनी कलम १०६ ची चौकशी बसून त्याला फरारी ठरवण्याची वाट मोकळी होते. पहिला आरोप कदाचित टिकला नसता, हा दुसरा हमखास टिकतो.

वकिलाचे उत्तर आता देता येते. खटला लष्करात गेला तर आरोपीला डिफेन्डिंग ऑफिसर, म्हणजे बचाव मांडणारा लष्करी अधिकारी मिळतो, नाव घेऊन मागताही येतो, आणि जनरल (वरच्या) किंवा डिस्ट्रिक्ट (त्याखालच्या) कोर्ट मार्शलमध्ये बाहेरचा वकीलही उभा राहू शकतो. दोघे मिळून सगळ्यात बरे: अधिकाऱ्याला रोस्टर आणि रजिस्टरे कळतात, वकिलाला उलटतपासणी. समरी कोर्ट मार्शलमध्ये, जे सीओ स्वतःच चालवतात, वकील फक्त शेजारी बसून सुचवू शकतो, बोलू शकत नाही. आर्मी ॲक्टच्या कलम ६९ चा खटला सीओंनी वरच्या परवानगीशिवाय तातडीचे कारण नसताना समरी कोर्ट मार्शलमध्ये चालवायचा नसतो, हेही तपासा. डिस्ट्रिक्टची कमाल शिक्षा दोन वर्षे, त्यामुळे कुठले कोर्ट बसवले यावरूनच लष्कर प्रकरण किती गंभीर धरते ते कळते. साताऱ्याचा अनुभवी फौजदारी वकील उलटतपासणीला उत्तम, पण त्याने आर्मी रूल्स कधी उघडले आहेत का हे स्पष्ट विचारा. नियम ५१ (अधिकारक्षेत्राची हरकत), ५३ (मुदतीची हरकत) आणि ५७ (उत्तर देण्यासारखा पुरावाच नाही) यांचे काय करणार, असे विचारले की पाच मिनिटांत अंदाज येतो. मुदत म्हणजे आर्मी ॲक्टच्या कलम १२२ ची तीन वर्षे. ती अधिकाऱ्यांना किंवा पीडितेला गुन्हा कळल्यापासूनही मोजली जाऊ शकते.

आरोप कळवल्यापासून खटला सुरू होईपर्यंत किमान ९६ तास मिळालेच पाहिजेत, सक्रिय सेवेत २४. पहिल्या दिवशी न्यायपीठातल्या प्रत्येक अधिकाऱ्याबद्दल हरकत आहे का, हे कलम १३० प्रमाणे विचारतात. ज्याने इन्क्वायरीत भाग घेतला, ज्याचा तक्रारदाराशी कामाचा संबंध आहे, त्याच्यावर हरकत घ्या. ही संधी न देणे किती गंभीर आहे ते रणजित ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दाखवले. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी असतात, मत सगळ्यात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून घेतात आणि बहुमताने निर्णय होतो. म्हणजे पाचांत तीन. सत्र न्यायालयातला खटला एका न्यायाधीशाला पटवण्याचा असतो, इथे तीन अधिकाऱ्यांच्या मनात शंका उभी करायची असते. त्यांना कायद्याची भाषा नको असते. स्टोअरचा मोजून काढलेला नकाशा, दाराची रुंदी, रॅकमधले अंतर, बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतले काय ऐकू येते, हे त्यांना लगेच समजते. नकाशा काढून घ्या.

जनरल किंवा डिस्ट्रिक्टचा निकाल लागला तरी वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय तो लागू होत नाही. त्या मधल्या काळात कलम १६४ प्रमाणे मंजुरीपूर्व अर्ज करायचा असतो. बरेच जण "अजून कुठे फायनल झालंय" म्हणून थांबतात आणि हातची संधी घालवतात. मंजुरीनंतर दुसरा अर्ज सरकार किंवा लष्करप्रमुखांकडे, आणि ट्रिब्युनलचे अपील. ट्रिब्युनलच्या निर्णयावर उच्च न्यायालयात रिट चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. पोलीस प्रकरण आपल्या जिल्ह्यातले असते तर उच्च न्यायालयासाठी आता मुंबईची वारी नव्हती. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. पण ट्रिब्युनलसाठी मुंबईलाच जावे लागते, आणि तुमचा एफआयआर पुण्यात झाला तर तोही कोल्हापूरच्या कक्षेत नाही.

नोकरीचे. आरोप लागला म्हणून नोकरी जात नाही, पण चौकशी संपेपर्यंत बढती अडकते. कोर्ट मार्शलने बडतर्फ केले तर पेन्शन सहसा जाते, मग सेवा पंधरा वर्षांची असो वा वीस. अपवाद सरकारच्या मर्जीवर. नाईकाला याशिवाय पट्टी उतरवण्याची, म्हणजे हुद्दा कमी करण्याची शिक्षा होऊ शकते. त्यात नोकरी टिकते. खटला न चालवता कारणे दाखवा नोटीस देऊन सेवेतून काढण्याचा मार्ग आर्मी रूल्सच्या नियम १७ मध्ये आहे, आणि पुरावा कच्चा असला की तो मार्ग धरण्याचा मोह होतो. त्या नोटिशीचे उत्तर घरी बसून, गावातल्या निवृत्त क्लार्ककडून लिहून घेऊ नका. तोही सही होणारा कागदच आहे. भाऊ आत्ता अटॅचमेंटवर आहे, संध्याकाळी फोन मिळतो, तेव्हा आज त्याच्याकडून तीन गोष्टी विचारून घ्या: आतापर्यंत कुठल्या-कुठल्या कागदावर सही केली, त्यांच्या प्रती आहेत का, आणि स्टोअरची चावी त्या दिवशी कोणाच्या नावावर निघाली होती.